एका भिक्षूचा एक्झिट इंटरव्ह्यू

जेवताना बायको म्हणाली, "आज बिचाऱ्याला फार एकटं एकटं वाटत होतं," आणि साहेबांनी उचललेला घास परत ताटात ठेवला.

बिचारा म्हणजे साहेब नव्हेत. बिचारा म्हणजे आठशे वर्षांपूर्वी जपानातल्या एका डोंगरावर झोपडी बांधून राहिलेला एक भिक्षू. त्याने लिहिलेल्या वहीचं बायको तीन वर्षं भाषांतर करत होती, आणि तीन वर्षं हा गृहस्थ रोज संध्याकाळी न बोलावता जेवायला येत होता. त्याचं छप्पर गळतंय, त्याला सर्दी झालीय, त्याच्या दाराशी हरीण येऊन गेलं, अशा बातम्या साहेबांना रोज तोंडी लावायला मिळायच्या.

साहेब पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर होते. माणसं नेमायची आणि सोडून जाणाऱ्यांना रीतसर निरोप द्यायचा, यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. असा पोक्त माणूस एका मेलेल्या भिक्षूवर जळतो, हे कुणाला सांगून पटलं नसतं. पण जळत होते, आणि चांगले जळत होते. तो जिवंत असता तर केबिनमध्ये बोलावून समज तरी दिली असती. मेलेल्याचं काय करणार? तो घोरत नाही, ओला टॉवेल पलंगावर टाकत नाही, त्याचं पोटही सुटत नाही. साहेबांनी नव्या फ्रेमचा चष्मा केला तेव्हा सहा दिवस वाट पाहिली. सातव्या दिवशी बायकोने त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहिलं आणि विचारलं, "झाडावरून बर्फ पडतो ना, त्या आवाजाला आपण काय म्हणू हो?"

एका रविवारी दुपारी बायको धाकट्या बहिणीकडे गेली आणि साहेबांनी तिच्या टेबलावरचा भाषांतराचा गठ्ठा उचलला. हेतू अगदी स्वच्छ होता: या माणसाचं काहीतरी वाईट सापडावं. आणि काय सांगू, बाराव्या पानावरच सापडलं. हा जन्मजात भिक्षू नव्हताच. राजवाड्याच्या घोड्यांवर देखरेख करणारा तो एक अधिकारी होता. वयाच्या एकतिसाव्या वर्षी एका सकाळी त्याने झाडावरून फुलं गळताना पाहिली आणि सरळ निघून गेला. नोटीस नाही, राजीनामा नाही, चाळीस घोड्यांचा चार्ज कुणाला दिला नाही. घरी बायको आणि दोन मुली, त्यांनाही नाही सांगितलं.

साहेबांना इतका आनंद गेल्या तीन वर्षांत झाला नव्हता. त्यांनी बॅगेतून कंपनीचा एक्झिट इंटरव्ह्यूचा, म्हणजे नोकरी सोडणाऱ्याच्या शेवटच्या मुलाखतीचा फॉर्म काढला. परदेशातल्या कुठल्याशा सल्लागाराने बनवलेला हा चार पानी फॉर्म भरला की माणूस आरपार दिसतो, अशी साहेबांची श्रद्धा होती. पेनाचं टोपण उघडून ते भिक्षूची मुलाखत घ्यायला बसले. उत्तरं गठ्ठ्यातून शोधायची आणि लिहायची.

नोकरी सोडण्याचं कारण: फुलं गळाली. वरिष्ठांशी संबंध: सम्राटाच्या आठवणीने तीन ठिकाणी रडतो, म्हणजे बरे असावेत. कामाचा ताण: ड्यूटीवर असताना चंद्राकडे बघत होतो असं स्वतःच कबूल करतो, सबब ताण नसावा. वर्क-लाइफ बॅलन्स: वर्कही सोडलं, लाइफही सोडलं, बॅलन्स झाला. टीमवर्क: शेजारी फक्त माकडं, त्यांच्याशीही पटत नाही. पुन्हा कामावर घ्यावं का: मुळीच घेऊ नये.

शेवटी 'मुलाखत घेणाऱ्याचा शेरा' असा रकाना होता. तिथे साहेब थोडे थांबले आणि मग जे लिहिलं ते भराभर लिहिलं. तेवढ्यात दाराची बेल वाजली. त्यांनी फॉर्म गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला आणि चेहरा शक्य तितका निष्पाप करून दार उघडलं.

आत येता येता बायकोने सांगितलं, की दोन ठिकाणांहून साभार परत आलेलं पुस्तक आता तिसऱ्या प्रकाशकबाई बघायला तयार झाल्यात. उद्याच पाठवायला हवं. इथून परत आलं, तर पुन्हा कुणाचं दार ठोठावणार नाही असं तिने ठरवलं होतं. हे सांगताना तिचा आवाज जरा बारीक झाला होता. साहेबांच्या ऑफिसात भराभर कागद ओढून घेणारा स्कॅनर होता, म्हणून तिने गठ्ठा एका जाड पाकिटात बंद केला आणि साहेबांच्या बॅगेत ठेवला.

सोमवारी साहेबांनी पाकीट स्कॅन करून प्रकाशकबाईंना मेल करायला क्लार्कबाईंच्या हवाली केलं आणि ते एका फिटरची मुलाखत घ्यायला बसले. फिटर आपल्या अनुभवाबद्दल बोलत असताना साहेबांना एकदम फॉर्म आठवला. ते तसेच उठून धावले. पण क्लार्कबाई कामाला वाघ.

"पाठवलं साहेब, केव्हाच. शेवटी आपला फॉर्म होता, तोही जोडला. तुमची सही राहिली होती, म्हणून कंपनीचा शिक्का मारून दिला."

 बायकोची तीन वर्षांची मेहनत आता आपल्या खोडीमुळे मातीत जाणार, हे साहेबांना स्पष्ट दिसलं. पुस्तक परत आलं तर भिक्षूही घरातून कायमचा जाईल, हेही दिसलं, आणि क्षणभर त्यांना बरं वाटलं. मग बरं वाटल्याची इतकी लाज वाटली, की त्यांनी लगेच प्रकाशकबाईंना मेल केला: कृपया शेवटची चार पानं अजिबात वाचू नयेत. आता असं लिहिल्यावर कुठला माणूस ती पानं आधी वाचणार नाही? पण घाबरलेल्या माणसाला एवढं सुचत नाही. घरी त्यांनी चकार शब्द काढला नाही. रात्रीचं जेवण कमी झालं, ते मात्र बायकोच्या लक्षात आलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी बायको कपड्यांना इस्त्री करत होती तेव्हा फोन आला. हात मोकळे नव्हते म्हणून तिने स्पीकर लावला.

"ताई, पुस्तक करतोय आपण," प्रकाशकबाई म्हणाल्या. "खरं सांगू? नुसतं वाचलं असतं तर चाळिसाव्या पानावर मला डुलकी लागली असती. पण तो फॉर्म हातात घेऊन वाचलं आणि एका बैठकीत संपवलं. माणूस जिवंत झाला हो."

"कुठला फॉर्म?" बायकोने विचारलं.

साहेब दाराकडे सरकले, पण दारात इस्त्रीचं टेबल होतं. प्रकाशकबाई हसत हसत एकेक उत्तर वाचत गेल्या. बॅलन्स झाला, माकडांशी पटत नाही, सगळं. शेऱ्यापाशी आल्यावर मात्र त्यांचं हसू थांबलं आणि त्यांनी तो हळू वाचला.

"या माणसामुळे माझ्या घरातली एक व्यक्ती तीन वर्षं गैरहजर आहे. समोर बसलेली असते, तरी गैरहजर. याने स्वतःची बायको सोडली ती सोडलीच. निदान दुसऱ्याची तरी न्यायला नको होती."

खोलीत शर्टाची बाही जळाल्याचा वास सुटला. प्रकाशकबाईंना तो येत नसल्यामुळे त्या बोलत राहिल्या. फॉर्म शिक्क्यासकट पुस्तकात छापायचा. आणि भिक्षूच्या पुढच्या आयुष्याच्या आणखी दोन वह्या आहेत म्हणे, त्याही करायच्या. "आणि भावोजींना सांगा, दर वहीला एक फॉर्म हवा."

फोन बंद झाला. साहेबांनी भिक्षूला हाकलायला घेतलं होतं, आणि स्वतःच्या हाताने त्याचा मुक्काम आणखी सहा वर्षं वाढवून ठेवला होता.

बायकोने इस्त्री बंद केली. आधी ती भडकली, आणि तिने ते लपवलंही नाही. तीन वर्षं जुन्या लिपीत डोळे फोडायचे तिने, आणि लोकांना आवडणार काय, तर यांचा फॉर्म. तोही रविवारच्या एका दुपारी खरडलेला. तिला साहेबांचा हेवा वाटत होता, आणि साहेबांना ते चक्क छान वाटलं. तीन वर्षांनी ती पहिल्यांदा त्यांच्यावर रागावली होती.

मग ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "हे मला तोंडाने सांगायचं होतंत."

"कधी सांगणार? तो बोलत असायचा."

 नवऱ्याने अलीकडे आपल्याला काय सांगितलं, ते ती आठवून पाहू लागली. काही आठवेना, तेव्हा तिचा चेहरा उतरला.

"गैरहजर नव्हते हो मी. रजेवर होते असं समजा."

"अर्ज नव्हता," साहेब म्हणाले. सव्वीस वर्षांची सवय.

तिने टेबलावरचा कागद ओढला आणि लिहून त्यांच्यापुढे सरकवला. रजेचा कालावधी, दोन वह्या. रजेचं कारण, आपलाच फॉर्म. साहेबांनी अर्ज नीट दोनदा वाचला आणि खाली लिहिलं: मंजूर, परंतु जेवणाच्या टेबलावर दोघंच असतील.

तिने ते वाचलं आणि मान वर केली. "दोघंच? मग तुम्ही कुठे जेवणार?"

साहेबांनी 'दोघंच' खोडलं, त्यावर 'तिघं' लिहिलं आणि सही केली.