फाट्यापर्यंत पायी

नमितानं रोज सकाळी फिरायला जायचं, हे हरिदासनं ठरवलं. त्या वेळी आपण घरी बसून चहा घ्यायचा, हेही त्यानंच ठरवलं.

झालं असं, की नमिताच्या मोठ्या बहिणीच्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन होऊन बहीण सावरली. धसका घेतला तो नमितानं. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासून समजावलं: आज काही नाही, पण तपासणी चुकवू नका, वजन आटोक्यात ठेवा, भाज्या-फळं खा, चाला. धोका पुरता जात नाही, कमी मात्र होतो.

हरिदासनं त्याच दिवशी रस्स्यावरची तर्री बंद केली. (नमिताच्या. त्याच्या वाटीत ती पूर्वीसारखीच तरंगत होती.)

"एकटीले कसंतरी वाटते. तुमीबी चाला ना," नमिता म्हणाली.

"मी काऊन? धोका तुले हाय, मले नाई."

बोलून गेला खरा. हे वाक्य पुढे त्याला फार टोचलं.

महिना झाला. नमिता बोरगाव मेघेहून पवनारच्या रस्त्यानं फाट्यापर्यंत रोज जात होती आणि वजनाचा काटा हलायला तयार नव्हता. हरिदासचा संशय भज्यांवर. मग एका सकाळी दुधाला निघालेल्या हरिदाससमोर शेजारच्या मुकेशची मोटरसायकल थांबली आणि मागून नमिता उतरली.

"काकू पायी चालल्या होत्या, म्हटलं सोडून देतो," मुकेश म्हणाला. काल पलीकडच्या घरातल्या चंदननं सोडलं होतं. गल्ली भल्या माणसांची. ओळखीची बाई पायी दिसली की कुणाला राहवत नसे.

घरात येताच हरिदासनं विचारलं, "नाई म्हणता येत नाई तुले?"

"नाई म्हटलं का काऊन म्हणून इचारते. काय सांगू? कॅन्सरचं नाव काढलं त सांजेलोक मलेच झाला म्हणतीन. तुमी संग असते त कोणी इचारलंच नसतं."

हरिदासचा चहा तसाच निवला. महिनाभर ही एवढी भीती घेऊन एकटी चालत होती आणि आपण काटा बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी तो सोबत निघाला. फाटा यायच्या आधीच त्याला धाप लागली. परतताना मागून मुकेश आला. नमितानं मान हलवून नाही म्हटलं. मुकेशनं कारण विचारलं नाही. हरिदास मात्र गाडीवर बसला. वळणावर त्यानं मागे पाहिलं: पदर खोचून ती झपझप येत होती. पुन्हा एकटीच.

सांजेला गल्लीतल्या धुरपताकाकू पपई घेऊन दारात उभ्या. "हरिदासले काय निघालं म्हणते वं?" त्यांनी हळूच विचारलं.

काकू गेल्यावर नमितानं पपई कापली आणि मोठी फोड नवऱ्यापुढे सरकवली.

"खा," ती म्हणाली. "धोका तुमाले हाय."