एका घराची वारसा वस्ती

चर्चच्या सभागृहात डँडेसन कोकर बोलायला उभे राहिले, तसे मागच्या बाकावरचे दोघे टोप्या उचलून घरी निघाले. लँबर्ट गल्ली वारसा वस्ती म्हणून जाहीर करावी की नाही, यावरची ही सहावी सभा होती आणि कोकर सहाही सभांत तेच बोलले होते.

"माझी सिसी दोन वर्षं वरच्या मजल्यावर अडकून पडलीय," ते म्हणाले. "बाहेरचा जिना कुजलाय. गल्ली एकदा वारसा झाली की विचारल्याशिवाय खिळासुद्धा ठोकता येणार नाही. मला सिमेंटचा जिना बांधू द्या, मग खुशाल काय तो वारसा करा."

सिसी इयातुंडे ही त्यांची थोरली बहीण. वय अठ्ठ्याहत्तर, खुब्यानं अधू, आणि वजन असं की त्या जिन्यानं हाय खाल्ली असती. कोकर स्वतः अंगानं काडी. तरीही तिचं जेवण वर नेताना ते पायरीच्या मध्यावर पाय देत नसत, भिंतीला चिकटून कडेकडेनं चढत. दर नव्या वर्षाला नवऱ्याच्या थडग्यापाशी बसायचं आणि त्याला वर्षभराच्या बातम्या सांगायच्या, हा सिसीचा नेम होता. दोन वर्षं तो चुकला होता. खुब्यापेक्षा तेच तिला जास्त दुखत होतं.

"डँडेसन," समितीच्या अध्यक्ष मिसेस बालोगन म्हणाल्या, "ही लाकडी घरं आपल्या पणजोबांनी स्वतःच्या हातांनी उभी केली. त्यावर सिमेंट थापलंस तर मेल्यावर कुठल्या तोंडानं त्यांच्यासमोर उभा राहशील?"

टाळ्या पडल्या. हात वर झाले. एकोणीस घरं बाजूनं आणि एक विरुद्ध. कागद सही होऊन आला आणि महिन्याभरात वारसा खात्याचे साहेब पाहणीला येतील असं कळलं. तोवर ज्यानं त्यानं आपल्या घराचं काय करायचं ते करावं, कायदा आड येत नव्हता.

"महिना खूप झाला," पा मोर्लाय गवंडी कोकरांना म्हणाला. "उद्या सिमेंट टाकतो. आठवड्यात तुझी सिसी खाली."

"थांब. आधी विचारायला पाहिजे."

"कुणाला? समितीला?"

"घराच्या मालकांना."

"मालक तूच की."

"मी नुसता राहतो," कोकर म्हणाले आणि त्यांनी अंगणातल्या मातीकडे बोट दाखवलं. "मालक तिथं आहेत."

सभेत पूर्वजांच्या विरुद्ध मत देणारा हा एकटा माणूस, आणि पूर्वजांना विचारल्याशिवाय खिळा न ठोकणाराही तोच. मोर्लायनं कपाळाला हात लावला. पण कोकरांच्या क्रिओ जमातीतल्या माणसाला आवुजोपासून, म्हणजे पितरांना जेवू घालून कौल लावण्यापासून, परावृत्त करणं त्याच्या बापालाही जमलं नव्हतं.

शनिवारी आवुजो झालं. अंगणात खड्डा खणला, चवळी, तळलेली केळी आणि भात पितरांसाठी त्यात वाढला, वर रम ओतली. मग कोकरांनी कोलाच्या दोन बिया फोडल्या आणि त्यांची चार शकलं खड्ड्याशेजारी टाकली. दोन उताणी आणि दोन पालथी पडली की पितर राजी. चारही पालथी पडली.

"रम पातळ होती," खिडकीतून सिसी म्हणाली. "पपांना पातळ रम चालत नसे."

दुसऱ्या शनिवारी चांगली रम आणली. तीन पालथी, एक उताणी. बराच विचार केल्यावर लक्षात आलं की नावं घेताना आजीच्या धाकट्या बहिणीचं नाव राहिलं. ती जिवंतपणीही फार मानी होती. तिसऱ्या शनिवारी तिची वेगळी माफी मागितली, तिला वेगळं केळं वाढलं. पुन्हा चारही पालथी.

"आता काय राहिलं?" कोकर रडकुंडीला आले होते.

सिसीनं खिडकीतून वाकून खड्ड्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी राहिले. घरातली थोरली मी, आणि मी खड्ड्यापाशी नाही. ते कसे हो म्हणतील?"

म्हणजे सिसी खाली आल्याशिवाय पितर राजी होणार नव्हते, पितर राजी झाल्याशिवाय जिना होणार नव्हता, आणि जिना झाल्याशिवाय सिसी खाली येणार नव्हती. कोकर खड्ड्याच्या काठावर बसून राहिले. वर गिधाडं घिरट्या घालत होती. पितरांचं जेवण त्यांनी आनंदानं खाल्लं, संमतीचं मात्र त्यांनाही काही सांगता आलं नाही.

कोकर खड्ड्यापाशी असे अडकलेले असताना गल्लीत ठोकाठोक चालू होती. पहिली सुरुवात मिसेस बालोगन यांनी केली.

"आतल्या आत थोडी डागडुजी," त्या म्हणाल्या. "पुढं परवानगी कुठं मागत बसायची? आणि एका घरानं वस्तीचं असं काय बिघडणार आहे?"

एका घरानं काही बिघडत नाही, हे उरलेल्या अठरा घरांनाही पटलं. ज्यानं त्यानं फक्त आपलंच एक घर केलं. फळ्या निघाल्या, सिमेंटच्या विटा चढल्या. पा मोर्लायनं मिसेस बालोगन यांच्या घरापुढे परांची बांधली, सिमेंटच्या गोण्या वर ओढायला कप्पी लावली, आणि कोकरांना निरोप धाडला, "तुझे मालक हो म्हणाले की हाक मार."

चौथ्या शनिवारी साहेब आले. मिस्टर कोन्तेह, भरलेल्या अंगाचे, हातात वही, काखेत पितळी पाटी. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन ते परत आले. वहीत वीस घरं होती. डोळ्यांना एकच दिसत होतं.

"वस्ती कुठं आहे?" त्यांनी मिसेस बालोगन यांना विचारलं.

मिसेस बालोगन यांनी टोपी सारखी केली आणि कोकरांच्या घराकडे बोट दाखवलं. "ती काय. फार जपलंय आम्ही."

"एका घराची वस्ती?"

"दर्जेदार आहे."

साहेबांनी सुस्कारा सोडला. कागदावर सही झालेली होती, आणि सही झालेली वस्ती रद्द करायची पद्धत त्यांच्या कार्यालयात नव्हती. त्यांनी पाटी कोकरांच्या भिंतीवर ठोकली. पहिला खिळा फळीतून आरपार गेला, दुसरा कसाबसा टिकला. "आता आतून पाहतो," ते म्हणाले.

"साहेब, कडेकडेनं चढा," कोकर काकुळतीनं म्हणाले. "मध्ये पाय देऊ नका."

साहेब कडेकडेनं चढले. वरच्या पायरीवर पोचल्यावर मात्र जरा ऐटीत मध्ये उभे राहून त्यांनी गल्लीकडे नजर टाकली. पाय चौकटीच्या आत पडायला आणि मागे सगळा जिना धुरळ्यासारखा खाली बसायला एकच गाठ पडली.

"या, बसा," आत सिसी म्हणाली. "दोन वर्षांत तुम्ही पहिले पाहुणे. आता राहालही बरेच दिवस."

पण साहेब पाऊण तासच राहिले. अख्खी गल्ली धावली. मोर्लायनं समोरची परांची सोडून इकडे बांधली, सिमेंटच्या कप्पीला खुर्ची लटकवली आणि साहेबांना अलगद खाली उतरवलं. मिसेस बालोगन यांनी त्यांना आल्याचं सरबत दिलं.

खिडकीतून सिसी सगळं पाहत होती. "म्हणजे खुर्चीनं उतरता येत होतं तर," ती म्हणाली. "दोन वर्षं कुणाला सुचलं नाही. साहेब अडकल्यावर पाऊण तासात सुचलं."

मिसेस बालोगन यांना एकदम साहेबांच्या सरबताच्या पेल्यात काहीतरी पडलेलं दिसलं. कोकरांचं तोंड लाजेनं काळवंडलं.

"आता दोर तसाच धरा," सिसी म्हणाली. "मी टोपी घालून येते."

सहा माणसांनी तिला खाली सोडलं. जमिनीला पाय लागल्यावर ती क्षणभर तशीच उभी राहिली, आणि मग कोकरांच्या खांद्याला धरून खड्ड्यापाशी गेली. कोकरांनी बी फोडून दिली. तिनं शकलं टाकली. दोन उताणी, दोन पालथी.

"झाले राजी," कोकर म्हणाले. चार आठवड्यांत त्यांचा आवाज पहिल्यांदाच मोकळा आला. "मोर्लाय, सिमेंट काढ."

"कसलं सिमेंट?" साहेबांनी पेला खाली ठेवला. "हा वारसा आहे. जिना होता तसाच, लाकडाचाच होईल. तोही परवानगीनंतर. अर्ज करा. समिती दीड वर्षानं बसते."

"तोवर आम्ही वर कसं जायचं?"

"ते अर्जात लिहा."

सिसीनं वर आपल्या खिडकीकडे पाहिलं. तिचा पलंग वर होता, नवऱ्याचा फोटो वर होता, अंथरुणं वर होती. कोकरांनी आपल्या खालच्या ओलसर खोलीतली एकुलती खुर्ची बाहेर आणून तिच्यासाठी मांडली. ती बसली.

"उद्या मला थडग्याकडे ने, डँडेसन," ती म्हणाली. "दोन वर्षांच्या बातम्या साचल्यात. त्यात ही आजची भर." मग ती साहेबांकडे वळली. "तुम्ही दीड वर्षानं परवानगी घेऊन या. मी असले तर ठीक. नसले तर या खड्ड्यापाशी या, कोला घेऊन. चांगली रम आणा. पण आत्ताच सांगून ठेवते, मी पहिल्या फटक्यात हो म्हणणार नाही."