सव्वीस मिलिमीटर

सुमतीबाईंचा जबडा सहा महिने दुखत होता आणि त्याची सगळी माहिती प्रभाकररावांना होती.

"कुठे दुखतं, काकू?" डोंबिवलीच्या दवाखान्यात डॉक्टर क्षिप्राने विचारलं.

"डाव्या कानापुढे," प्रभाकरराव म्हणाले. "सकाळी जास्त. जांभई देताना कट् वाजतं हिचं."

सुमतीबाईंनी मान डोलावली. पस्तीस वर्षं त्यांचं बरंचसं बोलणं असंच परस्पर उरकत आलं होतं.

क्षिप्राने मोजपट्टी लावली. तोंड जेमतेम सव्वीस मिलिमीटर उघडत होतं. चाळीस तरी हवं. मग तिने जबड्याची हालचाल मोजायचं यंत्र काढलं. डोक्याला पट्टा, खालच्या दातांना चिकटवायचा इवलासा लोहचुंबक, समोर पडदा. सुमतीबाई खुर्चीतच मागे सरकल्या.

"अगं, घाबरतेस काय? डॉक्टर, आधी मला लावा. हिला धीर येईल."

क्षिप्रा नको नको म्हणेपर्यंत सुमतीबाईंना उठवून ते खुर्चीत बसलेही. शेवटी पट्टा चढला, लोहचुंबक चिकटला. तोंड उघडलं तशी पडद्यावरची रेघ खाली उतरू लागली. पंचेचाळीस, पन्नास.

"छान! पुरे, काका."

पण आकडा वाढतोय म्हटल्यावर थांबतील ते प्रभाकरराव कसले! त्यांनी आणखी जोर लावला. खट् झालं. रेघ तिथेच अडकली आणि तोंड मिटेना.

"आँ... आँआँ!"

"काय म्हणतायत?" क्षिप्रा घाबरली.

"निखळला म्हणतायत," सुमतीबाई म्हणाल्या.

क्षिप्राने दोन्ही अंगठे आत घालून जबडा खाली दाबला, मागे सरकवला आणि जागेवर बसवला. "आता अर्धा तास एक शब्द नाही. हनुवटीला हात लावून बसा. काकू, तुम्ही सांगा."

सुमतीबाईंनी सवयीने नवऱ्याकडे पाहिलं. ते हनुवटी धरून बसले होते.

"उजवीकडे दुखतं," त्या हळूच म्हणाल्या. "सकाळी नाही, दिवसभर. हे रिटायर झाल्यापासून. काही बोलायला जावं तर यांचं सुरू असतं. मग मी दात आवळून गप्प बसते."

क्षिप्रा लिहायची थांबली. प्रभाकररावांची नजर जमिनीला लागली.

मोजणी झाली. दातांवर बसवायचं आवरण ठरलं, गरम शेक ठरला, व्यायाम ठरले. "आणि मनात येईल ते बोलायचं," क्षिप्रा म्हणाली.

कोपरला घरी परतताना रिक्षात सुमतीबाई बोलत होत्या. बाळकुमला राहणाऱ्या बहिणीबद्दल, शिवणाच्या क्लासबद्दल, पस्तीस वर्षं न आवडलेल्या कारल्याबद्दल. प्रभाकररावांनी घड्याळ पाहिलं. अर्धा तास केव्हाच उलटून गेला होता.

त्यांनी हनुवटीवरचा हात काढला नाही.