वडावर कावळ्याचं नाव नव्हतं

एका जंगलात, बाळांनो, पाणी आटलं आणि त्याच उन्हाळ्यात ईमेल आलं.

गौरा भेकरीला ईमेलचं कौतुक नव्हतं. तिचं पाडस ओला चिखल चाटत होतं. तिला पाणी हवं होतं. टेकडीपलीकडच्या जंगलात तळं होतं, पण तिथला हत्ती अर्ज आल्याशिवाय कुणाला उतरू देत नसे.

ईमेलचा सर्व्हर अस्वलाच्या गुहेत होता. टपाल नेई कावळा. आणि शिवेवर एक वड होता. त्याच्यावर प्रत्येक जंगलानं आपलं रेकॉर्ड कोरायचं: आमचं टपाल कुठे पोचवा, आमच्या नावानं टपाल कोण आणील, आणि भलत्याच कुणी आणलं तर त्याचं काय करायचं.

सिंहमहाराज म्हणाले, "कडक कोरा. भलत्यानं आणलं तर सरळ फेका."

अस्वलानं कोरलं. "आणि आणणारा कोण लिहू?"

"मोर लिहा. शोभून दिसतो."

"पण महाराज, नेतो कावळा."

"कावळ्याचं नाव आपल्या रेकॉर्डात? शेजारी काय म्हणतील?"

अस्वलाला गुहा प्यारी होती. त्यानं मोर कोरला.

गौरानं अर्ज पाठवला, 'पाडस तहानलंय, घोटभर पिऊ द्या.' कावळा घेऊन गेला. उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा पाठवला. पुन्हा नाही.

इकडे दरबारात महाराजांचा सत्कार झाला. रेकॉर्ड कोरल्यापासून जंगलाच्या नावानं एकही खोटं टपाल पोचलं नव्हतं. खरंही पोचलं नव्हतं, पण ते कुणी विचारलं नाही.

शेवटी गौरा पाडसाला ढोसत टेकडी चढून गेली.

"हत्तीदादा, अर्ज पाठवला होता."

"आला होता की. फेकला."

"का हो?"

"तुमच्याच राजानं कोरलंय, फेका म्हणून. मी शेजाऱ्याचा शब्द मोडत नाही, बाई."

"मग आता मीच आलेय. हे पाडस बघा."

हत्तीनं बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. नियमात बसेल एवढंच पाणी ते.

"दिसतेस तर गौराच," तो म्हणाला. "पण तसं वडावर कुठे आहे?"

तळ्यात एक कोल्हा डुंबत होता. त्यानं एका झुडपाचं स्वतंत्र जंगल केलं होतं, 'तृषार्त जीव सेवा मंडळ' नावाचं. वडावर त्याचं सगळं चोख होतं. कोण आणणार, शिक्का कसला, काही राहिलं नव्हतं. त्याच्या अर्जातलं अक्षरन् अक्षर खोटं होतं, पण तो त्यानंच पाठवला होता, याबद्दल कुणाला शंका नव्हती.

"ये गं," कोल्हा म्हणाला. "माझ्या नावावर पाज त्याला. रोज सकाळी माझं अंगण झाडून दे, म्हणजे झालं."

पाडस प्यायलं. पोट टम्म होईस्तोवर प्यायलं. गौरा त्याच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "केरसुणी कुठे असते?"

तात्पर्य: बाळांनो, खरं बोलायला काहीच हरकत नाही. फक्त ते पोचावं असं वाटत असेल, तर कोल्ह्याकडून पाठवावं. आणि राजाला यातलं काही कळवू नये. त्याचा नुकताच सत्कार झाला आहे.