भिंगरी शहाण्यासारखी वागते

सकाळी स्वयंपाकघरात आलेल्या मेकॅनिकला ओट्यावर दुधाचा रिकामा पेला दिसला. विसळलेला, आणि पालथा घातलेला. दूध भिंगरीचं होतं, आणि ते तिने कुणीही मागे न लागता प्यायलं होतं. मेकॅनिकला पहिली शंका आली ती तेव्हा.

भिंगरी ही त्याची सात वर्षांची मुलगी. खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं. एका जागी कधी टिकलीच नाही म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. आई पेला घेऊन पलंगाखाली डोकावतेय आणि भिंगरी कपाटावर बसून मजा बघतेय, ही घरातली रोजची सकाळ. आणि आज ही पोरगी बुटांच्या नाड्या बांधून, हात मांडीवर ठेवून खुर्चीत बसली होती. पायसुद्धा हलवत नव्हती.

मेकॅनिक लिफ्ट दुरुस्त करायचा. कुरकुरणाऱ्या लिफ्टचं त्याला काही वाटत नसे, तेल दिलं की भागतं. रोज कुरकुरणारी लिफ्ट एखाद्या दिवशी आवाज न करता वर गेली, की मात्र त्याच्या अंगावर काटा यायचा. त्याने बायकोला बाजूला घेऊन हे सांगून पाहिलं. ती कपडे शिवण्याच्या कारखान्यात कामाला होती आणि निघायच्या घाईत होती. पोरीला एकदाचं वळण लागलं तर तुमच्या डोळ्यांत का खुपतंय, असं म्हणून ती गेली.

तिचा हा धीर फार टिकला नाही. भिंगरीने पालेभाजी दुसऱ्यांदा मागून घेतली, त्या संध्याकाळी बायकोच्या हातातला डाव हवेतच राहिला. "अहो," ती हळूच म्हणाली, "हिच्या कपाळाला हात लावून बघा बरं."

कपाळ गार होतं. मग पोरीने काहीतरी फोडून दडवलं असणार म्हणून दोघांनी घर धुंडाळलं. काहीच फुटलेलं सापडेना, तशी धास्ती आणखी वाढली. मेकॅनिकच्या बहिणीने फोनवरून त्यात भर घातली. मुलं एकाएकी गप्प होतात तेव्हा आत काहीतरी चाललेलं असतं, फक्त बाहेर पडायला वेळ लागतो, असं सांगून तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी जीभ, घसा, पोट, छाती सगळं पाहिलं. टेबलावर चढ म्हटल्यावर भिंगरीने विचारलं, बूट काढून चढू का? बापाला फक्त रडू कोसळायचं बाकी होतं. मुलगी ठणठणीत आहे, जेवते, झोपते, ऐकते, मग तक्रार तरी काय, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ऐकते, हीच," मेकॅनिक म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं, तुम्हाला झोप नीट लागते का म्हणून चौकशी केली, बायकोला तिचं रक्तवाढीचं औषध मध्येच सोडू नका म्हणून बजावलं, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्यातून शाळेतून बोलावणं आलं. वर्गशिक्षिकेने मेकॅनिकला बसवलं आणि दार लोटून घेतलं. भिंगरी हल्ली मधल्या सुट्टीतही हलत नाही, कुणी दंगा केला तर तिचा चेहरा पांढराफटक पडतो, असं त्या सांगत होत्या. मग त्यांनी आवाज खाली आणला. "घरी तिला कुणी धाक वगैरे दाखवतं का?"

मेकॅनिकने पोरीवर कधी हात उगारला नव्हता. पण बाईंची ती नजर बघून त्याला स्वतःचाच संशय यायला लागला. "नाही हो," तो म्हणाला, आणि आवाज इतका चिरका निघाला की तो त्याचा त्यालाच खोटा वाटला. आज संध्याकाळी मी घरी येऊन जाते, असं म्हणून बाईंनी विषय संपवला.

घरी येईपर्यंत मेकॅनिकच्या डोळ्यांपुढे पोलीस, वकील, सगळे येऊन गेले. बाई यायच्या आत पोरीने काहीतरी दंगा करायलाच हवा, यावर दोघांचं लगेच एकमत झालं. आईने खडू हातात देऊन भिंतीवर चित्र काढायला सांगितलं. भिंगरीने कागद मागितला. बाप म्हणाला, कपाटावर चढ. ती म्हणाली, पडेन ना. एवढ्यात दारावरची बेल वाजली. बायको दाराकडे गेली आणि घामाघूम झालेला मेकॅनिक काही न सुचून स्वतःच पलंगावर चढला.

"अशी उडी मारायची. बघ, काही होत नाही."

पहिली उडी बरी गेली. दुसरीला फळी कडाडली आणि तो कमरेपर्यंत पलंगात गेला. बाई दारातच थबकल्या. आणि भिंगरीने भोकाड पसरलं.

"बाबा, नका ना असं करू. आईचं रक्त आटेल."

कुणाला काही कळेना. आईने तिला पोटाशी धरलं, तेव्हा हुंदक्याहुंदक्यांतून एकेक बाहेर आलं. कार्टे, माझं रक्त आटवलंस, असं आई रोज म्हणायची. मग मध्यंतरी दवाखान्यात आईला तपासून खरंच सांगितलं, रक्त कमी झालंय. म्हणजे आता थोडंच उरलं होतं. ते संपू नये म्हणून भिंगरी इतके दिवस श्वाससुद्धा जपून घेत होती.

रक्त औषधाने भरत आलंय, तुझ्यामुळे काही कमी झालं नव्हतं, ते आपलं नुसतं म्हणतात, असं आईने परत परत समजावलं.

"खरं नसतं तर मग म्हणतात कशाला?" भिंगरीने विचारलं.

बाई मटकन खुर्चीत बसल्या होत्या. त्यांचा उतरलेला चेहरा पाहून, आता काय ऐकावं लागतंय म्हणून पलंगात अडकलेल्या मेकॅनिकने डोळेच मिटून घेतले.

"मागच्या सोमवारी मी वर्गात रागावले," बाई म्हणाल्या. "सगळ्यांनी मिळून माझं डोकं खाल्लंत म्हणाले." "तेव्हापासून मागच्या बाकावरच्या दोघी डब्याला शिवत नाहीत. आणि मी त्यांच्या आयांना बोलावून झापलं, डबे नीट करा म्हणून."

त्या पाणीही न घेता उठल्या. त्यांना आणखी दोन घरी जायचं होतं.

दार लागलं. भिंगरीने बाहीला नाक पुसलं, आईचे गाल निरखून पाहिले, ते पुरेसे लाल दिसल्यावर ती खिडकीच्या कठड्यावरून सरळ कपाटावर गेली. आई ओरडायला वळली. एकामागून एक शब्द जिभेवर आले आणि तिने ते सगळे गिळले. शेवटी ती नुसतं एवढंच म्हणाली, "खाली ये."

भिंगरी काही आली नाही.