हे पाणी फक्त कपड्यांसाठी

नळाला जांभळं पाणी येणं ही आमच्या गावात तक्रारीची बाब समजली जात नसे. नदीच्या वरच्या अंगाला कापड रंगवण्याचा कारखाना आहे आणि त्या वर्षी जांभळ्या रंगाची फॅशन होती, एवढंच त्याचं कारण. आदल्या वर्षी हिरव्याची होती, तेव्हा हिरवं येत होतं. बाजारात कुठला रंग चालणार आहे हे बघायला आमच्याकडे कोणी दुकानं हिंडत नाही, सकाळी नळ सोडून बघतात. कारखान्याच्या खाली कातडी कमावणारे, त्यांच्या खाली दवाखान्याची मोरी, तिच्या खाली नव्या वसाहतीचे संडास आणि सगळ्यांच्या खाली गावाचा पाण्याचा पंप, अशी सगळी सोय एका ओळीत, उताराचा नीट विचार करून केलेली आहे.

पिण्याच्या बाबतीत गावाची काही हरकत नव्हती. चहात रंग दिसत नाही. बाळांच्या दुधाच्या बाटल्या तेवढ्या फिकट जांभळ्या दिसायच्या, पण त्या बघून आत्या-मावश्या "अगं बाई, किती गोड" म्हणायच्या. पोटं बिघडत, नाही असं नाही. पण पोट ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे. माझ्या आईचं पोट तर कायमच दुखायचं. दुखलं की ती दोन घोट पाणी पिऊन पडून राहायची, आणि पाणी प्यायली की पुन्हा दुखायचं. आम्ही म्हणायचो, वय झालं. शेजारचा औषधवाला, ज्याला सगळा चौक गोळीशेट म्हणतो, तोही म्हणायचा, वय झालं, आणि पुडी बांधून द्यायचा.

तेव्हा हे सगळं सांगण्यासारखं नव्हतंच. पण माझी लाँड्री आहे, आणि प्रश्न पांढऱ्या शर्टांचा आला.

गावात ज्याला काही किंमत आहे तो पांढरा शर्ट घालतो, आणि ज्याच्या शर्टाला काही किंमत आहे तो माझ्याकडे टाकतो. वडिलांपासूनचं दुकान. माझ्या हातची परीटघडी मोडायला माणसाच्या जिवावर यायचं. आदल्या वर्षीचा हिरवा कच्चा होता, उन्हात उडून जायचा. पण हा जांभळा पक्का निघाला, आणि जे पांढरं हौदात जाईल ते जांभळं होऊन बाहेर यायला लागलं. मी नीळ जास्त घालून पाहिली, तर वांग्याचा रंग आला. हेडमास्तरांनी शर्ट हातात धरून मला शाळेतल्या पोरासारखं झापलं. बँकेचे मॅनेजर म्हणाले, या रंगात कर्ज नाकारलं तर लोक हसतात. डॉक्टर तर स्वतः आले. त्यांच्या दाराशी पोटाच्या रोग्यांची रांग पार वळणापर्यंत लागलेली, ती तशीच सोडून ते पांढरा कोट दाखवायला आले. "हा प्रकार आरोग्याच्या दृष्टीने फार गंभीर आहे," ते म्हणाले. "रोग्यांचा विश्वास उडतो."

गिऱ्हाईक तुटायला लागलं. असंच चाललं तर दुकानाला कुलूप लागणार हे मला स्वच्छ दिसत होतं. गावात तेवढंच काय ते स्वच्छ दिसत होतं. शेवटी नळाचं पाणी बाटलीत भरून मी जलशुद्धता कार्यालयात गेलो.

तिथल्या साहेबांना आम्ही पाणीसाहेब म्हणतो. माणूस मोठा सज्जन, समोरच्याचं सगळं ऐकून घेतो आणि मग नाही म्हणतो. त्यांच्या कार्यालयात परदेशातून आणलेलं पाणी तपासायचं यंत्र आहे. ते गारेगार खोलीत काचेच्या कपाटात असतं. आत जाताना चपला काढायच्या, शिंकायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. मी बाटली पुढे केली तसे पाणीसाहेब खुर्चीसकट मागे सरकले.

"हे यंत्रात घालायचं?" ते म्हणाले. "अहो, नाजूक आहे ते. घाण पाणी गेलं तर कायमचं बाद होईल."

"पण साहेब, घाण आहे की नाही हेच बघायचंय ना?"

"बघू की. आधी स्वच्छ करू, मग बघू."

आणि खरोखरच तशी पद्धत होती. कार्यालयाच्या मागे खास यंत्रासाठी शुद्धीकरण प्रकल्प बांधलेला होता, गावाच्या शाळेपेक्षा मोठा. त्यात माझं पाणी ओतलं. ते वाळूतून गेलं, कोळशातून गेलं, उकळलं, निवलं, कसल्याशा बारीक जाळीतून पुन्हा गेलं, आणि शेवटी एक थेंब चांदीच्या चमच्याने यंत्राला पाजण्यात आला. यंत्राने हिरवा दिवा लावला. पाणी अत्युत्तम. मानवी सेवनास सर्वथा योग्य.

"आमच्या गावाचा आजवर एकही नमुना नापास झालेला नाही," पाणीसाहेब म्हणाले. त्यांचा ऊर भरून आला होता.

मी हात जोडून विचारलं, की मग असंच पाणी नळाला का सोडत नाही. ते म्हणाले, एवढं शुद्ध पाणी माणसांना द्यायला परवडत नाही, आणि माणसांना त्याची गरजही नाही. माणूस बिघडला तर बरा होतो, यंत्राचे सुटे भाग मिळत नाहीत. शिवाय आपला देश विकसनशील आहे, विकास होतोय म्हणून तर पाण्याला रंग आहे. पलीकडच्या गावाचं पाणी बघा म्हणाले, विकास नाही, रंग नाही, बिचारे तसंच पारदर्शक पितात. ते ऐकून मला क्षणभर पलीकडच्या गावाची कीवच आली.

मी निघालो, तेवढ्यात पाणीसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. नळाचं पाणी शुद्ध आहे हे तर यंत्राने सिद्ध केलं. मग लाँड्रीतून जे जांभळं पाणी नाल्यात जातं, ते जांभळं कोण करतं? दुसऱ्या दिवशी दोन शिपाई आले आणि नदी दूषित केल्याबद्दल माझ्या दुकानाला सील ठोकून गेले. माझा साबणाचा फेस वडिलांच्या काळापासून त्याच नाल्यात जातो, त्याबद्दल मात्र एक अक्षर नव्हतं. तो पांढरा असतो.

बायकोने डोक्याला हात लावला. म्हणाली, तुम्हाला कोणी सांगितलं होतं तिथे बाटली घेऊन मिरवायला? आई आतून म्हणाली, ओरडू नकोस गं त्याला, आणि मला थोडं पाणी दे. गोळीशेट तेवढे सांत्वनाला येऊन बसले. त्यांचा धंदा बरा चालला होता, त्यामुळे त्यांच्याकडे सांत्वनाला वेळ होता.

माझं दुकान बंद पडलं आणि गावातले कपडे घरोघर धुतले जाऊ लागले. त्यातच आमच्या जलशुद्धता कार्यालयाला एकही नमुना नापास न केल्याबद्दल बक्षीस जाहीर झालं. ते द्यायला वरून मोठे साहेब येणार. समारंभाला सगळ्या अधिकाऱ्यांनी शुभ्र शर्टात उभं राहायचं असा आदेश निघाला. आदल्या दिवशी तालीम झाली. सगळे अधिकारी आपापल्या बायकांनी घरी धुतलेले शर्ट घालून रांगेत उभे राहिले, आणि ती शब्दशः रंगीत तालीम झाली.

संध्याकाळी पाणीसाहेब स्वतः माझ्या घरी आले. काखेत शर्ट.

"लाँड्रीवाले, हा पांढरा करून द्या," ते म्हणाले. "काही करा."

"साहेब, पाणी तर शुद्ध आहे."

"ते मला नका सांगू. पाणी शुद्धच आहे. मला शर्ट शुद्ध पाहिजे."

मी म्हटलं, असल्या पाण्यात देवही शर्ट पांढरा करू शकणार नाही. पाणीसाहेबांनी आधी उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाले, यंत्राच्या पाण्यात होईल का?

सरकारी काम वर्षानुवर्षं रेंगाळतं असं जे म्हणतात, त्यांनी ती संध्याकाळ बघायला हवी होती. रस्ता उकरला, नळी घातली, रस्ता बुजवला, आणि दिवेलागणीपर्यंत शुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी थेट माझ्या हौदात पडायला लागलं. सील कोणी काढलं ते मला दिसलंसुद्धा नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या हौदाचा तळ दिसला. त्यात वडिलांच्या काळातली बटणं पडली होती. मी बायकोला हाक मारून दाखवलं, आम्ही दोघं वाकून बघतच बसलो. मला भरून आलं हो, खोटं कशाला सांगू.

फक्त एक अट होती. पाणी कपड्यांसाठी मंजूर झालेलं होतं. माणसांसाठी मंजूर पाणी म्हणजे नळाचं, आणि ते उत्तम असल्याचं यंत्रानेच सांगितलेलं. मग लोक हे पाणी प्यायले तर नळाच्या पाण्याविषयी गैरसमज पसरेल. म्हणून हौदावर पाटी लागली: ‘हे पाणी फक्त कपड्यांसाठी आहे. पिताना आढळल्यास परवाना रद्द.’ पाटीशेजारी खुर्ची टाकून एक शिपाई बसला. त्याला आम्ही तहानअधिकारी म्हणायला लागलो.

समारंभ झोकात झाला. मोठ्या साहेबांचे डोळे त्या शुभ्र रांगेने दिपले. दुकान असं चालायला लागलं की मला दोन इस्त्रीवाले ठेवावे लागले. हेडमास्तर आले, मॅनेजर आले, डॉक्टर आठवडाभराचे कोट टाकून गेले. दुकान वाचलं. गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.

पण एके दिवशी आई दुकानात आली. हातात तिची चादर. हौदाकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, तहानअधिकाऱ्याकडे बघितलं, आणि मला हळूच म्हणाली, "अरे, एवढी चादर धुऊन दे. साबण लावू नकोस. आणि पिळू नकोस."

"का गं?"

"मी घरी पिळीन. पातेल्यात."

मी तशीच दिली. नियमात बसत होतं; कपडा धुतला होता, पाणी कोणी प्यायलं नव्हतं. चार दिवसांनी आई सकाळी उठून अंगण झाडताना दिसली. कधी नव्हे ते तिने मागून दुसऱ्यांदा जेवायला घेतलं. पोट दुखतंय का विचारलं तर म्हणाली, कुठलं पोट?

अशी गोष्ट चौकात लपून राहते होय? आठवड्याच्या आत सगळं गाव स्वच्छ चादरी घेऊन दारात उभं. साबण नको, इस्त्री नको, पिळू नका. काही जण गोधड्या आणायला लागले, गोधडी जास्त धरते म्हणून. एका घरातून रोज गादी यायची. लोक गळते कपडे डोक्यावर घेऊन घरी पळत सुटायचे आणि खाली पोरं तोंड वर करून चालायची. घरी पाहुणा आला की त्याला विचारत, टॉवेलचं घेणार की बेडशीटचं? जाणकार म्हणायचे, सुती गोड लागतं, टेरिकॉटला चव नाही. डॉक्टरांच्या दाराशी रांग आखडत आखडत पायरीवर आली.

तक्रार केली ती गोळीशेटनी. मला राग येत नाही त्यांचा, त्यांच्याही पोटाचा प्रश्न होता. त्यांनी कळवलं की गावात औषधांचा खप अचानक कोसळला आहे, यामागे काहीतरी गैरप्रकार असावा. पाणीसाहेब येऊन गेले, ठिबकणाऱ्या गोधड्या त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या, आणि नवा नियम आला: लाँड्रीतून कोणताही कपडा शेवटचा थेंब गळेपर्यंत पिळल्याशिवाय बाहेर जाणार नाही. अन्यथा पाण्याची लाईन बंद आणि दुकानाला सील, तेही कायमचं. तहानअधिकाऱ्याला बढती मिळून तो पीळनिरीक्षक झाला.

त्या दिवशी रांगेत पहिली आई होती. चादर मी हौदातून काढली. जड झाली होती, खाली चांगलं पातेलंभर पाणी धरून. निरीक्षक खुर्ची ओढून माझ्या हातांकडे बघत बसला होता. आई माझ्याकडे बघत होती. मागे दुकान होतं, दोन इस्त्रीवाले होते, वडिलांनी लावलेली दुकानाची पाटी होती.

"पीळ रे," आई म्हणाली. "दुकान राहिलं पाहिजे."

मी पिळली. पाणी धो धो नाल्यात गेलं, आणि थेंब गळायचा थांबेपर्यंत मी पिळत राहिलो. निरीक्षकाने हात लावून बघितलं, ठीक आहे म्हणाला. आईने घडी काखेत मारली आणि घरी जाऊन नळाचं पाणी पिऊन आडवी झाली. चादर मात्र अशी पांढरीशुभ्र निघाली होती म्हणून सांगू.

आता सगळं सुरळीत आहे. गिऱ्हाईक खूश, कार्यालय खूश, गोळीशेट पुन्हा पुड्या बांधतात. लांबलांबची माणसं ही हकीकत ऐकायला येतात. तुमच्यासारखीच, भली माणसं. दुकान वाचलं ऐकून सगळ्यांना हायसं वाटतं, शर्ट आता पांढरे निघतात ना म्हणून आपुलकीने विचारतात. आईचं पोट कसं आहे हे अजून एकानेही विचारलेलं नाही.

तुम्ही विचारणार होतात, असेल. असो. कपडे असतील तर पाठवून द्या. पिळूनच मिळतील.