हॉर्न वाजतो, सबब गाडी अंशतः चालू

"ताई, गाडी उठेनाशी झाली तर आधी बॅटरीची दोन्ही टोकं हातानं हलवून बघा. मग दुसऱ्या कुणाला नाव ठेवा."

निवृत्तीच्या दिवशी गळ्यातला हार सावरत उत्तरेश्वरदादांनी मला एवढंच सांगितलं होतं. बावीस वर्षं त्यांनी आमच्या कार्यालयाची जीप चालवली. मी आवक-जावक सांभाळते, गाडीशी माझा संबंध पूजेपुरता. सोळा वर्षांचा नेम आहे. सकाळी आवक वही उघडण्याआधी बॉनेट उघडायचं, बॅटरीला हळदकुंकू लावायचं, शनिवारी दोन थेंब तेल. आजारी माणसं, अडलेल्या बाया हीच गाडी नेते, तिनं वाटेत कुणाला सोडू नये म्हणून. नेम कार्यालयात सगळ्यांनाच आहेत. कुणाचा अकराच्या आत न येण्याचा आहे, इतकंच.

दादा निवृत्त होऊन पाच महिने झाले आणि मंगळवारी गाडी उठली नाही. चावी फिरवली की आतून 'टक' असा आवाज येई आणि दिवे मान टाकत.

नवा चालक सत्यम कंत्राटी. त्यानं खिशातून नेमणुकीचा आदेश काढून मला वाचायला दिला. त्यात 'चालू स्थितीतील वाहन चालविणे' असं होतं.

"ताई, चालू करणं माझ्या आदेशात न्हाई. चालू झाली की हाक मारा, मी इथंच हाय," असं म्हणून तो चिंचेखाली जाऊन बसला.

माझा जीव शुक्रवारात अडकला होता. शुक्रवारी बीडला डोळ्यांचं शिबिर. तलवाड्याच्या पुढच्या वस्तीवरच्या भिवराबाईंचा एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्यावर मोतीबिंदू पिकलेला. घरचे सगळे ऊस तोडायला गेलेले. डॉक्टर पुढचं शिबिर वर्षानं घेणार होते, आणि तोवर तो डोळा थांबेल असं ते म्हणाले नव्हते. शुक्रवारी सकाळी आठला गाडी घेऊन दारात येते, असा शब्द मी त्यांना दिला होता. प्रवासाची मंजुरीही आली होती.

दादांचं सांगणं आठवून मी बॅटरीकडे हात नेला. तेवढ्यात आमचे कार्यालयप्रमुख मोहनराव साहेब आले. विनाआदेश शासकीय वाहनाच्या अंतर्भागाला स्पर्श केल्यास पुढील सर्व बिघाडांची जबाबदारी स्पर्श करणाऱ्यावर येते, असं त्यांनी शांतपणे समजावलं. मी दादांचं नाव घेतलं. साहेबांनी विचारलं, ही सूचना लेखी आहे का? निवृत्त कर्मचाऱ्याच्या तोंडी सूचनेवर कार्यवाही करता येत नाही. मी हात मागे घेतला. दाखल्यांच्या रांगेतल्या लोकांना म्हटलं, चारजण मिळून धक्का तरी देता का. रांगेतून उत्तर आलं, "आमी नागरिक हावोत. धक्का देनं कर्मचाऱ्यांचं काम." मग सगळ्यांनी मोबाईल काढून बंद गाडीचे फोटो घेतले.

समोरच्या दुकानातला बॅटरीवाला सोमनाथ रस्ता ओलांडून आला आणि दोन मिनिटं बघू का म्हणाला. साहेबांनी त्याला हात जोडून परत पाठवलं. ज्याला बॅटरीतलं कळतं त्याचा बॅटरीत हितसंबंध असतो. म्हणून दुपारी जी पाच जणांची दोष निदान समिती नेमली, तीत गाडीतलं काहीही न कळणारीच माणसं काळजीपूर्वक निवडली. निःपक्षपातीपणाबद्दल कुणाला बोट ठेवायला जागा राहिली नाही.

बुधवारी समितीनं पाहणी केली. पाणीपुरवठ्याच्या सदस्यांना पाण्याची कमतरता दिसली. शिक्षणाच्या सदस्यांच्या मते गाडी अनेक दिवस गैरहजर असल्यानं मागे पडली होती. एकानं सहज हॉर्न दाबला आणि तो वाजला. सगळे गंभीर झाले, कारण बंद गाडीचा हॉर्न वाजत नसतो. तासभर चर्चा होऊन नोंद झाली: 'हॉर्न वाजतो, सबब वाहन अंशतः चालू.'

इथून गुंता वाढला. दुरुस्तीचा निधी फक्त बंद वाहनाला मिळतो आणि चालक फक्त चालू वाहनाला. अंशतः चालू गाडीला दोन्ही नाही. गुरुवारी बिघाडाची ऑनलाइन नोंद करायला बसले, तर त्या ॲपला बिघाडाच्या क्षणीचा वेग हवा होता. मी शून्य भरला. उत्तर आलं, वाहन प्रवासात नसल्याने बिघाड झालेला नाही.

दुपारी भिवराबाईंनी शेजाऱ्याच्या फोनवरून मला गाठलं. शेजारचा सटवा मोटारसायकलवरून बीडला नेतो म्हणाला होता, बाईंनी त्याला नको म्हटलं होतं, आणि तो आता नगरकडं गेला होता.

"कावून नको म्हणालात?" मी विचारलं.

"तू येनार हायेस नव्हं? तुझा शबूद हाय म्हनलं त्याला. मी सकाळी आंघूळ करून उंबऱ्यावर बसते बघ."

मग मात्र मी दादांना त्यांच्या गावी, आष्टीला, फोन लावला. 'टक' आवाजाचं सांगितलं, दिवे मान टाकतात तेही सांगितलं.

"ताई, राग नका मानू," ते म्हणाले. "तुमी कुंकू लावून आत गेलात की मी फडक्यानं पुसून घ्यायचो. रोज. शनिवारी सोड्याच्या गरम पान्यानं धुवायचो. तेल-कुंकवाचा गाळ टोकाखाली शिरतो, मंग करंट पुढं जात न्हाई. तुमाला लई वाईट वाटंल म्हनून कदी बोललो न्हाई."

"दादा, जाताना तरी सांगायचंत."

"सांगितलं की. टोकं हलवा म्हनलं. हलवली असती तर हाताला कुंकू लागलं असतं."

फोन ठेवून मी समितीचा अहवाल आवकमध्ये घ्यायला उघडला. चौथ्या पानावर लिहिलं होतं: 'बॅटरीच्या टोकांवर पवित्र द्रव्याचा जाड थर आढळला. तो काढल्यास कर्मचाऱ्यांच्या भावना दुखावण्याची शक्यता असल्याने हात लावला नाही.' म्हणजे पाचही जणांना दिसलं होतं. भावना तर एकट्या माझ्याच होत्या, आणि माझं टेबल त्यांच्यापासून सात पावलांवर होतं.

शेवटच्या पानावर पंचनामा होता. पंच म्हणून रांगेतल्या दोन नागरिकांच्या सह्या. 'आम्ही समक्ष पाहिले, आमची काही तक्रार नाही.' पहिली सही धक्का न देणाऱ्या गृहस्थांची. दुसरी मला लागली नाही, घाईत केलेली दिसते. मंगळवार-बुधवारी दाखल्यासाठी तुम्ही आला होतात ना? बघा बरं, तुमची आहे का.

शुक्रवारी देवापुढं दिवा लावला. कुंकवाचा करंडा पिशवीत घालायची सवय, तो त्या दिवशी देव्हाऱ्यातच ठेवला. पिशवीत गरम पाण्याचा थर्मास, सोड्याची पुडी, जुना दात घासायचा ब्रश आणि दहा नंबरचा पाना. सहाला कार्यालयाच्या आवारात शिपायाशिवाय कुणी नव्हतं. त्यानं मला पाहिलं आणि नियमानुसार पाठ फिरवली.

पाना लावून टोकं सैल केली. सोड्याचं पाणी टाकल्यावर फेस आला, आधी लाल, मग पांढरा. माझा पाच महिन्यांचा नेम जमिनीवर वाहून गेला. खाली शिसं निघालं, नव्या नाण्यासारखं लखलखीत. पुसलं, आवळलं, चावी फिरवली. गाडी एका हाकेला उठली.

एव्हाना येऊन बसलेला सत्यम चिंचेखालून उठून आला. काही न विचारता त्यानं खिशातला आदेश पुन्हा एकदा वाचला, गाडीच्या आवाजाकडे कान दिला आणि चाकामागे बसला.

"साहेब नोटीस काढतील तुमाला, ताई."

मी म्हटलं, काढू देत, सोमवारी आवकमध्ये मीच घेईन. हात अजून लाल होते. पदराला पुसले आणि त्याला तलवाड्याच्या रस्त्याला घ्यायला सांगितलं.